सलीमभाईच्या टाक्यातला रेडिएटर

तुमी म्हनता, घरून काम करनं म्हंजे मजा. मंग ऐका माही मजा.

मी मंगरूळपीरले घरी बसून विमानाच्या रोटरी इंजिनाचं कूलिंग डिझाइन करतो. त्या इंजिनात पिस्टन नसते, तिकोनी रोटर फिरते. रोटर तेलानं थंड ठेवा लागते अन् बाहेरचं कवच पान्यानं. आई गेल्यापासून हे सांगाले घरात कोनी नाही. कंपनीवाले स्क्रीनवर दिसतात, काम झालं का गायब.

एका सोमवारी नमुन्याचा रेडिएटर घेऊन सलीमभाईच्या दुकानात गेलो. ते ट्रॅक्टरचे रेडिएटर झाळून देतात. म्हटलं, "भाई, गळते का पाहा बरं."

त्यायनं रेडिएटरची तोंडं बंद करून हवा भरली अन् तो पान्याच्या टाक्यात बुडवला. एक बुडबुडा नाही. तोवर मी त्यायले सारं इंजिन समजावून सांगतलं. त्यायनं इचारलं, "जाळ एकाच बाजूनं होते, दुसरी बाजू थंडी राह्यते, मंग कवच वाकडं नाही होत?"

दोन वर्सात मले कोनी असा प्रश्न इचारला नव्हता!

असे तीन सोमवार गेले; तोच रेडिएटर, तेच टाकं, वर भाईचा चहा. चौथ्या सोमवारी त्यायनं रेडिएटर टाक्यात बुडवलाच नाही, कोपऱ्यात ठेवून देल्ला.

"काहून भाई?"

"साहेब, हा पयल्या दिवशीबी गळत नव्हता. आता याले घरीच राहू द्या. खाली हातानं येत जा. चहा तं तसाबी भेटते."