ऑइल मीच घातलं

मीच घातलं म्हणते ना — किती वेळा विचारशील? तू आपलं जादा ऑइल काढ खालून आणि गाडी तपास. बाईमाणूस, नाही कळत तिला यातलं, एवढं म्हण आणि सोड की. डेपोत शिकाऊ होतास तेव्हा वहिनी वहिनी करत माझ्या हातचं जेवलास, आणि आज माझीच उलटतपासणी घेतोस? — हसू नकोस. तुझे उस्ताद, आमचे हे, समोर केस कापायला बसलेत, ते यायच्या आत उरक.

— कसं घातलं म्हणजे? झाकण उघडलं, ओतलं. कमी वाटलं म्हणून. — डिपस्टिक? ती ऑइल मोजायची पट्टी? नाही बघितली. — बरं बाबा, बघितली. बघितली, जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसली, ते पुसतात तशी, परत बुडवली, आणि तेवढ्यात मघाशी काय दिसलं तेच आठवेना — मग असू दे म्हणून घातलं थोडं. रोज सकाळी. रोज थोडं थोडं. अरे, ज्या माणसानं जन्मभर इंजिनं उघडली त्याला बॉनेट उघडू नका असं मी कोणत्या तोंडानं सांगू? दात घासल्यासारखं आहे ते त्यांचं. मी खिडकीतून बघायची आणि उलट मला बरंच वाटायचं — बाकी सगळं सुटत चाललंय, जेवलेलं आठवत नाही, परवा आपलीच गल्ली चुकले हे, पण गाडीचं बघा कसं अजून —

बोलून गेले वाटतं मी.

असू दे. कळलंच होतं तुला, उगाच का मघापासून खाली मान घालून पाना पुसतोयस. आता ऐक सगळंच. काल नातीला शाळेतून आणत होतो, ती मागे, मी पुढे यांच्या शेजारी. शाळेच्या फाटकापाशीच इंजिन किंचाळायला लागलं, आपोआप, पाय काढला तरी. मागे पांढरा धूर, पोरं, आया, सगळी पळापळ. यांनी किल्ली काढली — तरी चालूच. पेट्रोलची असती तर किल्ली काढल्यावर गप्प बसली असती, डिझेलचं इंजिन ऑइल जास्त झालं की तेच पीत सुटतं — हे त्यांनीच सांगितलं मला, नंतर, अगदी शांतपणे. आणि यांनी काय केलं माहितेय? गाडी टाकली पाचव्या गिअरमध्ये, ब्रेकवर उभेच राहिले म्हण ना, आणि क्लच सोडला. एक हिसका बसला, बंद. हात विसरले नाहीत रे काही. मग उतरले, डिपस्टिक काढली, आणि एवढं ऑइल कोणी घातलं म्हणून विचारलं मला. पोरीचा जीव गेला असता म्हणाले. मी म्हटलं, मी. भर रस्त्यात रागावले मला. तू विश्वास ठेवणार नाहीस, पण मला बरं वाटलं, पूर्वीसारखे रागावले म्हणून. लोकांनी ढकलत दारात आणून दिली गाडी. आणि आज सकाळी तू ती ओढून न्यायला आलास ना, त्याच्या आधी परत बॉनेट उघडं, यांच्या हातात कॅन.

लेकीला सांगणार आहे मी. ती पोरीला पाठवायची बंद करेल आणि बरोबरच करेल. पण त्यांच्या हातून किल्ली मला नाही घेता यायची — तू घे. इंजिन गेलं म्हण, पार्ट मिळत नाही म्हण, काय वाटेल ते सांग. — त्यांच्याशी खोटं बोलवत नाही? मग मला बोलवतं वाटतं?

आले बघ. गप्प आता. — झाले केस? छान कापलेत. — हो, तेच सांगत होता मला, ऑइलच्या कॅनला परत हात लावायचा नाही म्हणून. — नाही लावणार. — हा कोण म्हणून काय विचारता? अहो, हा आपला —

हे नवीन आहेत. गॅरेजही नवीनच आहे त्यांचं. डिझेलचं फारसं कळत नाही म्हणत होते, कोणी शिकवणारं हवं होतं — हो की नाही? मान हलव — हलवा. आणि त्या हातांनी डोळे पुसू नका, ग्रीस जाईल. किल्ली राहू द्या त्यांच्याकडेच, शिकायला गाडी नको का? तुम्ही येत जा ना रोज सकाळी, मी येईन बरोबर, चालत. — अहो, शिकतील. तुमच्या हाताखाली येऊन कोणी शिकलं नाही असं झालंय का कधी? चला आता, त्यांना काम करू द्या.