कर्नेलला माझ्या बापाचं नाव

...नाही, पण मला सांगा, स्वतःच्या बापाचं नाव कुणाला कधी तपासून बघावं लागतं का? अहो, एकसष्ट वय माझं, तीस वर्षं इथे डोंगरातल्या नारिनच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, शेवटची बारा वर्षं संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्याच खिशात, आणि अल्माटीचा तो एरलान, इंटरनेटवरच्या जुन्या-संगणकवाल्यांच्या मंडळातला, वय पंचवीस असेल नसेल, मला लिहितो, "काका, आधी कर्नेलचं नाव बरोबर आहे का तेवढं बघून घ्या." मला विचारतो! नाव मी ठेवलंय! ताश्तान! माझ्या वडिलांचं!

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार... मुळापासून सांगतो.

आमच्या नातीचा, ऐदाईचा, शनिवारी तुशू. पोर पाऊल टाकायला लागलं की पायांना काळा-पांढरा दोरा बांधायचा, मुलांची शर्यत लावायची आणि पहिला येईल त्यानं तो कापायचा, तोच. अठ्ठावन्न माणसं जेवायला. आणि मी सगळ्यांना सांगून बसलेलो की त्या दिवशी तुम्हाला ऐदाईच्या बापाचा, आमच्या कुबातचा, तुशू दाखवतो! शहाण्णव सालची टेप आहे! शाळेतल्या सहकाऱ्याचा कॅमेरा एका दिवसापुरता मागून मी स्वतः घेतलेली, आणि नंतर बघायला यंत्र कुणाकडे होतं? टेप गेली पेटीत, रजयांच्या खाली. त्यात आमची बुरुल आहे, कुबातची आई. तिला जाऊन दोन वर्षं होतील. घरात फोटो आहेत तिचे, नाही असं नाही, पण फोटोत ती गप्प उभी आहे. बुरुल आणि गप्प! तुम्ही तिला ओळखत नव्हता म्हणून, नाहीतर इथेच हसला असता.

तर कॅमेरा त्या सहकाऱ्याकडून आणला, टेप आहे, कॅमेऱ्यातून चित्र आत ओढणारं कार्ड शाळेच्या भंगारात सापडलं. राहिलं काय? तर संगणक म्हणतो, मी या कार्डाला ओळखत नाही! नवीन कर्नेलमधून त्याला काढून टाकलंय म्हणे. कर्नेल म्हणजे संगणकाचा गाभा हो, आणि त्यात जे तुकडे मागाहून खोचायचे ती मॉड्यूलं. म्हटलं, ठीक आहे, आपला गाभा आपण बांधू, आपलं मॉड्यूल आपण बांधू, त्यात काय!

त्यात काय... तुम्हाला सांगतो, पहिल्याच दिवशी नातबाई माझ्या चष्म्यावर बसल्या. काच दोन तुकडे! चष्मेवाला म्हणतो, गुरुवारी. मग मी सांगायचं आणि सुनेनं टाइप करायचं. सून म्हणजे मीरिम. एका हातानं पिठाचे बोरसोक तळतेय, दुसऱ्या हातानं माझं कर्नेल.

आणि ते यंत्र प्रश्न विचारतं हो! हे हवं का, ते हवं का, दोन हजार प्रश्न! मीरिम वाचतेय, "बाबा, जहाजावरच्या रेडिओचं घेऊ का?" म्हटलं, नारिनला समुद्र आहे? नको! "बाबा, बाहेरून येणारी मॉड्यूलं आत घ्यायची सोय ठेवू का?" म्हटलं, अठ्ठावन्न माणसं येतायत तेवढी पुरेत, नको! "बाबा, पण ते बहुतेक..." मला विचारतेस? नको म्हणजे नको!

चार तास बांधणी चालली. संगणकाचा पंखा असा घुमतोय की शेजारीण विचारून गेली, लोकर पिंजताय का. आणि चार तासांनी मॉड्यूल बांधायला घेतलं तर चूक! काय चूक? तर म्हणे, या कर्नेलमध्ये मॉड्यूलं घ्यायची मनाई आहे! कुणी केली मनाई? ...जाऊ द्या.

परत चार तास. अर्ध्यात चूक, कारण फोल्डरचं नाव मी ठेवलेलं "माझं काम", आणि मधे मोकळी जागा चालत नाही! तुम्हीच सांगा, दोन शब्दांमधे जागा सोडायची नाही तर काय सोडायचं? तेही बदललं. मग वीज गेली. आली, तर यंत्राचं घड्याळ दोन हजार तीनवर! आतला सेल मेलेला. आणि ते माझ्यावरच ओरडतंय की तुमच्या फायली भविष्यातल्या आहेत, बांधणीचा भरवसा नाही! एरलाननं लिहिलं, "काका, तारीख दुरुस्त करा." केली... जरा वेळानं केली. दोन हजार तीन साली घरात सगळी होती, म्हटलं राहू दे पाच मिनिटं.

तर बुधवारी कर्नेल झालं! सुरूही झालं! मी मीरिमला आधीच सांगून ठेवलेलं, कर्नेलला नाव द्यायचं असतं तिथे माझ्या वडिलांचं नाव घाल, ताश्तान. गुरुवारी चष्मा आला, आणि आता मॉड्यूल मी स्वतः बांधायला बसलो. स्वतःच्या हातानं लिहिलं, ताश्तानच्या घरी, म्हणजे त्या नावाच्या फोल्डरात, जा, तिथे बांध. आणि यंत्र काय म्हणतं? असं कुणी इथे राहत नाही! अशी जागाच नाही, काम थांबवलं!

परत केलं. नाही! ओरडून केलं. नाही! मीरिम दारात येऊन उभी, हाताला पीठ, "बाबा, ते नाव एकदा..." नाव? नाव मला विचारतेस? एरलान लिहितोय, "काका, नाव बघा." मला विचारतो? मी त्याला लिहिलं, अरे बाबा, माझ्या जन्मदाखल्यावर आहे ते नाव! त्यानं लिहिलं, "काका, जन्मदाखला राहू दे, यंत्रालाच विचारा, तुझं नाव काय?" आणि खाली ती एका ओळीची आज्ञा.

शुक्रवारी दुपारी, कुणी बघत नाही असं बघून, विचारलं.

यंत्र म्हणालं, थोरले-बाबा.

थोरले-बाबा? हा कोण? माझ्या घरात शिरला कुठून? "मीरिम!" तर ती आली, एप्रनला पीठ पुसत, मान खाली घालून म्हणते, "बाबा, थोरल्या बाबांचं नाव मी कसं लिहू?"

आता बोला! खरंच, कसं लिहील? आमच्याकडे सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडानं घेते का? आणि ही तर इतकी कडक, की थोरल्यांच्या नावात "ताश" म्हणजे दगड येतो म्हणून कोबीच्या खारवणीवरच्या दगडालासुद्धा "ते जड" म्हणते! लग्नात मीच साऱ्या पाव्हण्यांपुढे छाती काढून सांगितलेलं, आमची सून जुन्या वळणाची आहे म्हणून. "मी तीनदा सांगायला आले बाबा," म्हणाली, "तुम्ही दर वेळी म्हणालात, मला विचारतेस?"

एक शब्द बदलला. दोन मिनिटांत मॉड्यूल बांधून झालं. दोन मिनिटांत! कार्ड ओळखलं, दिवा लागला. म्हटलं, आता एकटं बघायचं नाही, उद्या सगळ्यांबरोबर.

शनिवारी अठ्ठावन्न माणसं बसली. टेप लावली. पडदा काळा. थांबलो. काळाच. आणि मग त्या काळ्यातून बुरुलचा आवाज! तोच, खणखणीत, अंगण ओलांडून जाणारा, "अहो मास्तर! पळताय काय नुसते, त्या कॅमेऱ्याचं झाकण काढलंत का?"

आणि पाठोपाठ एक माणूस, धापा टाकतोय, ऐटीत ओरडतो, "मला विचारतेस?"

झालं! सगळी टेप तशीच. तेरा मिनिटं अंधार, आणि त्यात बुरुल. कुबातला हाका, दोरा कापणाऱ्याला शाबासकी, आणि मला मास्तर, मास्तर, मास्तर... माझं नाव एकदाही नाही. तिनं तरी कधी घेतलं होतं? पाहुणे हसून हसून लोळले, आणि मग म्हणाले, परत लावा. तीनदा लावली. एरलाननं विचारलं, "काका, आवाज येतो आणि चित्र नाही? कोणतं मॉड्यूल राहिलं?" मी लिहिलं, मॉड्यूल नाही रे, झाकण राहिलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी.

मग अंगणात ऐदाईचे पाय बांधले, मुलं पलीकडे रांगेत उभी राहिली, आणि कुबातनं फोन माझ्या हातात दिला, बाबा, तुम्हीच घ्या. मी घेतला, पाय रोवून उभा राहिलो. मुलं सुटली! तेवढ्यात मीरिम बाजूनं हळूच म्हणते, "बाबा, कॅमेऱ्यासमोर बोट येत नाहीये ना?"

मी म्हटलं, "मला वि..."

आणि बघितलं.

होतं हो. बोट होतं.