न वाजवायची घंटी

— न्हाय, न्हाय, अशी नगं धरूस. दांडीला धरलीस की हलती ती. आत बोट घाल आन् जीभ दाबून धर — घंटीची ग, तुजी न्हाय. तुजी मोकळी असू दे, तुजी काय सकाळपास्नं वाजतच न्हाय. चहात मीठ घातलं म्हनून रुसलीस व्हय? अग, त्ये मी पैल्या दिशी समद्यांच्याच चहात घालते. मानूस कसं हाय त्ये कळतं. माज्या सुनंनं थुकला होता, अंगनात, पावन्यांच्या देखत. तू गिळलास. बरं केलंस. ह्या घरात गिळनारीच टिकती.

बस हितं. हित्तं, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला, पाटावर. ह्यो तेलाचा डबा पुढ्यात घे, भोकं भाईरच्या बाजूला. हां. आता ध्यान दे, अक्षदा — गोळ्या, जेवन, धोतर धुनं त्ये कुनीबी करतं, त्याच्यासाठी ढोकीवनं पोरगी आनायची गरज न्हवती. तुजं काम ह्ये हाय. म्हातारा स्टेशनावनं येनार. रांजनापाशी हात धुनार. मग हितं वाकून ह्या दोन भोकांत दोन हात घालनार, डोळे मिटनार. आन् तू घंटी वाजवायची न्हाय. झालं. त्ये हात काडून आत येत्यात, चहा घेत्यात. — हसतीस काय? ह्येच काम हाय. वाजवायला काय, वानरंबी वाजवत्यात रामलिंगाच्या देवळात. साठ वर्सं झाली मला न वाजवता.

बरं, मदनं मदनं वाजवली. कडू काकड्या आनल्या तवा वाजवली. माज्या आईला नावं ठिवली तवा दोनदा वाजवली. वाजली की परत रांजनापाशी जायचे, परत घासायचे, कोपरापत्तूर, गुमान. शेजारनी म्हनायच्या, गंगम्माचं सोवळं लई कडक हाय बाई, नवऱ्यालाबी शिवू देत न्हाय. म्या म्हनायची, व्हय, आमच्यात असंच असतं.

येडी हायत दोघंबी — असं आलं ना मनात? आलंय, त्वांडावर दिसतंय तुज्या. येऊ दे. लातूरची गाडी गेल्याबिगर त्ये बाकड्यावरनं उटत न्हाईत, तवर सांगते. तुला मालूम पायजे, न्हायतर हात बघून हसशील, आन् हसलीस की संपलं.

तरुनपनी ह्ये कारखान्यात होते. साखरंच्या न्हवं ग — ढोकी सोडून जगात कारखानाच न्हाय व्हय? अणूच्या. लई लांब, समुद्राच्या अंगाला. नाव कुटं बोलायचं न्हाय म्हनून सही घेतली होती त्यांची. माजी न्हाय घेतली, तरी म्या सांगत न्हाय, मला येतच न्हाय त्ये नाव. चौथी झालीया माजी आन् चौथीत अणू न्हवता. तवा नवाच होता त्यो, सायबांनाबी नवा. तर तिथं ह्यांना एक काचंची पेटी दिली होती. पेटीला दोन भोकं, भोकांना रबराचे मोजे आत लोंबकळत्यात — मानूस भाईर हुबं, हात तेवडे आत. आत काय असतं वो, म्हनलं मी. म्हनले, माती. म्हनलं, येडशीला काय माती कमी पडली होती, म्हनून हितवर आलाव? तर म्हनले, ह्या मातीनं दिवं लागनार हायत. आन् एकदा कुठल्याशा हौदात वाकून बघितलं म्हनले, पान्याखाली निळा उजेड — चुलीचा न्हाय, दिव्याचा न्हाय, चांदन्याचाबी न्हाय. मग कशाचा, म्हनलं. मला वाटलं नवरा कवी निगाला, आता कसं व्हायचं.

आन् सुटी झाली की दारात एक मशीन. हात घालायचे, पाय ठिवायचे. मशीन गप ऱ्हायली तर जावा घरी. घंटी वाजली तर कुटंतरी माती लागलीया, परत धुवा. त्ये ऐकलं आन् मला सुचलंच. माज्या आईनं सासरी धाडताना गाईच्या गळ्यातली घंटी दिली होती — हीच, तुज्या हातात हाय ती — मला त्या शेरात करमंना तर आवाज ऐकावा म्हनून. ह्यांचा पाय उंबऱ्यावर पडला की मी दाराआडनं वाजवायची. कसे दचकायचे म्हनतीस. मग हसायचे. मग म्या हसायची. नवं लगीन होतं, तुला काय सांगू.

मग एक दिस मोजा फाटला. टाचनीएवडं भोक. ह्यांना कळलंबी न्हाय. दारातल्या मशीनला कळलं. वाजाय लागली ती थांबंचना. धुतलं, घासलं, त्ये जांभळं औषद — आपन आडात टाकतो ना, पानी निर्मळ करायला — त्यात बुडवलं, परत घासलं. नखं मुळापास्नं काडली. कातडं निगालं तवा कुटं मशीन गप झाली. मी हिकडं दाराआड घंटी घेऊन बसलेली, ह्ये आत्ता येतील, मग येतील. दुसऱ्या दिशी आले. अंगात दुसऱ्याचा सदरा, हात सोललेल्या रताळ्यावानी. म्या वाजवली न्हाय तवा, तेवडी अक्कल होती.

सायेब चांगला होता, त्यानं घरापत्तूर मानूस धाडला सांगायला — समदं साफ हाय, तीनतीनदा तपासलंय, लेकराला खुशाल घ्या. मशीनबी चांगली होती. ह्यांचाच भरवसा उडाला. म्हनले, मोजा फाटला तवा मला कळलं का? न्हाय कळलं. मग आता ऱ्हायलंय का न्हाय, कसं कळनार? आन् भाईर गॅलरीत बसले त्ये बसलेच. ताट भाईर. हातरून भाईर. सिता माजी तवा रांगायला लागली होती. बापाकडं निगायची, हसत, लाळ गळत — आन् ह्यो मानूस भिंतीला पाठ लावून सरकायचा, हात काखंत दाबून. जसं काय इंगळीच चाललीया त्याच्यावर.

म्या समजावलं. भांडले. अंगारा लावला. शेवटी तापलं माजं डोस्कं. डालड्याचा रिकामा डबा होता, त्याला दगड-छिन्नीनं दोन भोकं पाडली, दारात आपटला, आन् मागं बसले घंटी घेऊन. म्हनलं, घाला हात, ह्येबी मशीनच हाय, सायबानं धाडलीया. टोमना होता ग त्यो. मला वाटलं चिडतील. शिवी देतील. न्हायतर हसतील, पैल्यावानी. म्या वाजवनारच होते, ठरवलं होतं.

तर ह्ये उठले. हात धुऊन आले. गुडघ्यावर बसले आन् घातले की ग हात. डोळे मिटले. आन् म्या — पोरी, म्या हसनारी बाई, मयतीत हसू येतं मला — म्या ती घंटी अशी आवळून धरली, अशी, जीभ मुठीत. श्वासबी घेतला न्हाय. मग हात काडले, उंबरा वलांडला, आन् लेकराला उचललं.

म्हनलं, आठ दिसांत इसरतील. — साठ वर्सं, अक्षदा.

न्हाय, येडे न्हाईत त्ये. डबा त्यांनी वळखला न्हाय असं वाटतं तुला? वर झाड होतं डालड्याचं, ठसठशीत. आता ह्या तेलाच्या डब्यावर सूर्यफूल हाय, ह्येबी दिसतंय त्यांना. त्ये कदी बोलले न्हाईत, म्या कदी काडलं न्हाय. पन म्या नसले तर आत येत न्हाईत, एवडं खरं. म्हनून तर म्या कुटं गेले न्हाय. आई गेल्याची तार आली दुपारी. लगीच निगाया पायजे होतं — पन ह्ये कारखान्यात, आन् संध्याकाळी दारात कोन? बसले. डब्यामागं बसले, ह्यांना आत घेतलं, मग दोघांनी गाडी धरली. गावात पोचले तर आईची माती झाली होती. सिताच्या बाळंतपनाला गेले न्हाय. तिनं धरलंय त्ये मनात अजून. गावाकडच्या बायका तुळजापूरला चालत जायच्या, मला इचारायचंबी सोडलं त्यांनी. नोकरी सुटली, येडशीला परत आलो, म्हनलं आता तरी सुटन — तर पैल्या संध्याकाळी ह्ये रामलिंगाचं दर्शन घेऊन आले आन् अंगनात हुबे. म्हनले, गंगे, डबा कुटंय? — सामान बांधतानाच टाकून आले होते म्या. मुद्दाम. मग शेजारनीकडनं दुसरा मागून आनला.

पोरगा उत्तरेश्वर म्हनला, आई, मी बसतो डब्यामागं, तू जा मामाकडं. बसला. ह्यांनी बघितलं, म्हनले, तू काय मशीनचा ऑपरेटर हायस व्हय? आन् गोठ्यात जाऊन झोपले, थंडीत. मग एकदा चिडून पोरानं डबाच फेकला. तवा न्युमोनिया झाला ह्यांना. त्याच्यानंतर कुनी नाद केला न्हाय.

मग तुला कशाला बसवलंय — बराबर इचारलंस. माज्या पोटात गोळा हाय. हितं, बघ — नगं, नगं हात लावूस. सोलापूरला कापनार हायत. किती दिस ठिवतील त्ये डाक्टर सांगत न्हाय, उत्तरेश्वर सांगत न्हाय, समदे नुसतं 'बरं व्हतंय' म्हनत्यात. म्या सांगितलंय पोराला — आज संध्याकाळी गाडी आन. ह्या पोरीच्या हातानं तुजा बाप आत आला, तर मी गाडीत बसन. न्हाय आला तर गाडी रिकामी जाईल, आन् गोळ्याचं काय व्हायचं त्ये होईल. रडला त्यो, उगंच. आता ह्यांची यादबी जरा हललीया, मला कदी कदी आई म्हनत्यात, म्हनून म्हनलं जमंल, नव्या मानसाचं जमंल.

आन् जमलं तर — त्ये बघ. साठ वर्सं म्या म्हनत आले, माज्याबिगर येत न्हाईत, माज्याबिगर येत न्हाईत. त्याच्यावर आई सोडली, लेकीला सोडलं. आन् तू आज आलीस, चहा प्यालीस खारट, पाटावर बसलीस, आन् आले त्ये आत. मग म्या काय डब्याचं झाकन होते व्हय? कुनीबी बसलं असतं तर चाललं असतं, मग — ऱ्हाऊ दे. काय बोलतीया म्या. त्वांडाचा तोल जातो आजकाल.

तुलाच सांगते, लगीन व्हायचंय ना तुजं? मग इचार कर. आले आत, की तूबी गुतलीस. उटायचं असंल तर आत्ताच ऊठ, म्या सांगन पोराला, वानरानं चावलं म्हनून गेली. — न्हाय? बसतीस? बस बाई.

शू. गाडी गेली, ऐक. आता फाटकापाशी आले असतील. म्या ह्या पडद्यामागं. म्या न्हायच असं समज, सोलापूरला गेले. खोकू नगं. — काठी वाजली का? — व्हय. चपला काडल्या. हात धुतायत, बघ कसे, कोपरापत्तूर. आता तुज्याकडं बघतील. बघू दे. 'बसा आजोबा' बिजोबा काय म्हनू नगं. नुसतं म्हन, घाला.

— घातले.

— जीभ दाब.

— दाब घट.

— काडत का न्हाईत? एवडा येळ कदी ठिवत न्हाईत. आयकत बसलेत का काय. कशाची वाट बघतायत —

— आले. आत आले ग.

बघितलंस, माज्या शेजारनं गेले, लागूनच. पडद्याखालनं माजे पाय दिसत असतील, न्हाय? — हसले? कवा? कुनाकडं बघून? तुज्याकडं का पायाकडं? — नगं. नगं सांगूस. मला जायचंय.

हॉर्न वाजतोय, पोरगा आला. माजी पिशवी दे ती. आन् ऊठ, चहा टाक त्यांना, आल्याचा. मीठ घालू नगं, तुला शोभायचं न्हाय त्ये. रात्री भात मऊ कर. — आन् ती घंटी दे हिकडं. दे म्हनलं ना. तुला कशाला लागती? वाजवायची तर न्हायच तुला. टाक माज्या पिशवीत, लुगड्याच्या घडीत, वाजनार न्हाय अशी — बघत काय हुबी ऱ्हायलीस? जा, चहाची वाट बघत असतील त्ये.