सासऱ्यांनी नाव घेतलं

आमच्या लेकीच्या बारशाचा व्हिडिओ नाही, पण ऐका तर खरं. माझे सासरे तंजावरकडचे मराठी, नोकरी सगळी चेन्नईत झाली. घशाच्या ऑपरेशननंतर वर्षभर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. बारशाला ते पाळण्याशी वाकले, ओठ हलले, तसे आम्ही सगळ्यांनी फोन उगारले. ते बिचकून मागे सरले.

सासूबाई कडाडल्या, “पोदुम, पुरे! फोन ठेवा नि माणसाकडे बघा!”

फोन खाली गेले. मी सासऱ्यांचा हात धरला. ते पुन्हा वाकले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “कावेरी.”

सासूबाई डोळे पुसत पुढे झाल्या. “आता माझं नाव घ्या बघू.”

त्यांनी घेतलं. मी नुसते हात जोडले.