तिन्ही बाजूंना पाणी आणि चौथीला बस

नवरा : आमच्या घराण्यात आजवर एकाचीही गाडी चुकलेली नाही. तीन पिढ्या झाल्या.

बायको : चुकेल कशी? तीन पिढ्या फलाटावरच वाढल्या. तुमचे आजोबा सकाळच्या गाडीसाठी आदल्या संध्याकाळी जाऊन बसायचे.

नवरा : आणि त्यांना खिडकीची जागा मिळायची.

बायको : एकदा आधीचीच गाडी आली, तर तिच्यात चढले. भलत्याच गावाला जाऊन उतरले.

नवरा : पण गाडी चुकली नाही.

बायको : नाही. गाव चुकलं.

नवरा : गाव हा वेगळा मुद्दा आहे.

बायको : आपल्या लग्नाला तुमची मंडळी इतक्या लवकर आली की हॉलमध्ये आधीचं लग्न चालू होतं. तुमचे मामा त्यांच्यातच जेवून मोकळे झाले. वर म्हणाले, जेवण बरं होतं, पण मुलगी फोटोतल्यासारखी दिसत नाही.

नवरा : मामांची नजर अधू होती. चढ आता, पायरी उंच आहे.

बायको : मी चढणार नाही. आत्ता तर उतरलो आपण या बसमधून.

नवरा : उतरलो, फिरलो, आलो. चौक पाहिला, कारंजं पाहिलं.

बायको : कारंजं पाहिलं नाही, ऐकलं. गाइड म्हणाली, उजवीकडे वळलं की चारशे वर्षं जुनं कारंजं आहे. अख्खी बस उजवीकडे वळली. तुम्ही डावीकडे.

नवरा : डावीकडे बस होती.

ड्रायव्हर : या साहेब. काही विसरलं का?

नवरा : छे छे. झालं बघून. परत आलो.

ड्रायव्हर : परत? साहेब, मी अजून हँडब्रेक ओढून नीट बसलोसुद्धा नाही.

नवरा : तुमचं चालू द्या. आम्ही आपले जागेवर बसतो, कोणाला त्रास नाही.

ड्रायव्हर : त्रास कसला. पण ही बेटाची चक्कर आहे, साहेब. तीन ऐतिहासिक शहरं. लोक उतरून बघतात.

बायको : ऐकलंत?

नवरा : मी काय ऐकलं ते सांगू? गाइड माइकवर म्हणाली, गाडी कोणासाठीही थांबणार नाही. माझ्याकडे बघून म्हणाली.

ड्रायव्हर : तुम्ही पहिल्या सीटवर बसता, साहेब. तिनं बघायचं कुठं?

नवरा : मग खरंच थांबत नाही का?

ड्रायव्हर : नाही थांबत. मागच्या महिन्यात एक जोडपं पुढच्या शहरातल्या राजवाड्यात राहिलं. आम्ही निघून गेलो.

नवरा : बघ. बघ.

बायको : मग काय झालं हो त्यांचं?

ड्रायव्हर : दुसऱ्या दिवशीच्या गाडीत आले. मजेत होते. राजवाडा नीट बघून झाला म्हणाले.

नवरा : ठेवून जातात, ऐकलंस ना?

बायको : मी 'मजेत' ऐकलं.

*

ड्रायव्हर : दार उघडतो, साहेब, पण एक सांगा. आत गेला होतात का राजवाड्यात?

नवरा : दारापर्यंत गेलो. भव्य दार आहे.

बायको : दार नव्हे ते. तिकीट खिडकी.

नवरा : भव्य तिकीट खिडकी आहे. पण समोर रांग. रांगेचा काही नेम नसतो. पुढचा माणूस सुटे शोधत बसला की संपलं.

ड्रायव्हर : मला काय, बोलायला माणूस मिळतो.

नवरा : तुम्ही तर आतून पाहिला असेल. इतकी वर्षं येताय.

ड्रायव्हर : मी कुठला बघतोय? गाडी सोडून जायचं नाही मला. पण पार्किंगचं काहीही विचारा. हे बरं, ऐसपैस आहे. पहिल्या शहरात कबुतरं फार. काच पुसून जीव जातो.

बायको : म्हणजे तुम्ही आणि हे, दोघांनी बेट सारखंच पाहिलंय.

ड्रायव्हर : मला पगार मिळतो, ताई.

बायको : अहो, फोन द्या तुमचा. फोटो बघते. हा काय? मी आणि बस.

नवरा : पहिलं शहर.

बायको : ही पुन्हा मी, पुन्हा बस, आणि मागे कारंज्याकडे जाणारी माणसं.

नवरा : ऐतिहासिक वातावरण आलंय त्यात.

बायको : यात ड्रायव्हर डबा खातायत. आणि या कोपऱ्यात काय आहे? राजवाड्याचा सज्जा का? चला, सज्जा तरी आला.

नवरा : तो शेजारच्या बसचा आरसा आहे.

ड्रायव्हर : यात मी बरा आलोय. मला पाठवा हा.

बायको : घरी गेल्यावर लोकांना काय दाखवायचं मी? बसची चारी अंगं?

नवरा : लोक काय, नावं ठेवतातच. गाइड आपल्याला किती मानते ते बघ ना. बाकीच्यांची डोकी मोजते, आपली मोजत नाही. सरळ तीनपासून सुरू करते. याला विश्वास म्हणतात.

बायको : याला सीटचं कव्हर समजणं म्हणतात. हे बघा, आता मी एकदाच सांगते. पहिलं शहर सोडलं. दुसरं सोडलं. तिसरं सोडणार नाही.

नवरा : तिसऱ्यात आहे तरी काय?

बायको : जुनी तटबंदी आहे. ती सरळ समुद्रात गेलीय आणि टोकाला बुरुज आहे. त्या बुरुजावर उभं राहिलं की तिन्ही बाजूंना पाणी.

नवरा : पाणी काय बघायचंय? मी जन्मभर पाणीपुरवठा खात्यात होतो.

बायको : मी जन्मभर भूगोल शिकवला. तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या भूभागाला द्वीपकल्प म्हणतात. हे वाक्य दर वर्षी फळ्यावर लिहिलं. पोरांना पाठ नाही म्हणून बाकावर उभं केलं. आणि स्वतः एकदाही तसल्या जागी उभी राहिले नाही. मला फक्त उभं राहायचंय, अहो. काही विकत नको, खायला नको.

नवरा : मी तुला आकृती काढून देतो.

बायको : ड्रायव्हरदादा, यांना काही सांगा हो.

ड्रायव्हर : मी मधे पडत नाही, ताई. पण तिथलं पार्किंग बुरुजापासून लांब आहे, एवढं खरं.

नवरा : बघ. तेसुद्धा म्हणतायत.

*

बायको : मी उतरले. येताय?

नवरा : अगं, गाइड नुसतं स्वागत करतेय अजून. आधी काय म्हणते ते ऐक तरी.

बायको : ती म्हणतेय, पाऊण तास. बुरुज समोर दिसतोय. मी चालले. तुम्ही बस सांभाळा.

नवरा : एकटी जाऊ नको. पायऱ्या असतील. वारा असेल. अगं. ऐकते का बघा ही.

ड्रायव्हर : भरभर चालतायत ताई.

नवरा : आता मी काय करू? तिच्यामागे गेलो तर गाडी जाईल. गाडीत बसलो तर ती राहील.

ड्रायव्हर : बघा बुवा. गाडी सांभाळायला मी आहे.

नवरा : ती राहिली तर थांबाल का?

ड्रायव्हर : नाही.

नवरा : मी आत बसून ओरडलो तरी?

ड्रायव्हर : काच जाड आहे, साहेब. आवाज बाहेर जात नाही. लावू का दार? एसी चालू आहे.

नवरा : लावा.

(बसचं दार मिटतं आणि लगेच पुन्हा उघडतं.)

नवरा : जागेवर माझी टोपी ठेवलीय. कोणाला बसू देऊ नका.

*

नवरा : थांब. थांब जरा. या पायऱ्या आहेत का शिक्षा?

बायको : आलात? मला वाटलं, बसला मिठी मारून बसला असाल.

नवरा : टोपी ठेवून आलोय. किती उरल्या आणखी?

बायको : झाल्या. हा बुरुज. वर या आणि बघा.

नवरा : अगं, बस दिसते.

बायको : मी समुद्राबद्दल बोलतेय.

नवरा : तोही दिसतो. पण बस काय स्वच्छ दिसते बघ. ती कडेची, पांढरी. ड्रायव्हर काच पुसतोय, तेसुद्धा दिसतंय. हे आधी नाही का सांगायचं? मी सकाळपासून निवांत असतो.

बायको : पहिल्या शहरातून हा बुरुज दिसत नाही.

नवरा : ते जाऊ दे. आता तू सावकाश बघ. मी इकडे तोंड करून उभा राहतो. ती हलली की सांगतो.

बायको : तुम्ही चौथी बाजू घ्या, मी तीन घेते. ही पूर्व. खाली खडक आहे म्हणून पाणी हिरवट दिसतंय. पुढे गडद होत गेलंय. आणि आम्ही नकाशात एकच निळा खडू फासायचो हो. एका वर्षाला एक खडू मिळायचा, त्यातही मुख्याध्यापक विचारायचे, एवढा कसा संपला म्हणून.

नवरा : संपणारच. पाणी जास्त आहे.

बायको : आता ही उत्तर. बाई गं, काय वारा आहे. तिकडे लांबवर एक होडी आहे, नखाएवढी. दिसते का तुम्हाला?

नवरा : अं.

बायको : बघा तरी इकडे. गप्प का झालात?

नवरा : कुठे गप्प? होडी आहे. नखाएवढी आहे.

बायको : बस आहे ना?

नवरा : तू पश्चिम बघ. पश्चिम राहिलीय.

बायको : बघते हो. ही पश्चिम. इकडे ऊन पाण्यावर आलंय, डोळे उघडे ठेववत नाहीत. एक मुलगा होता वर्गात, मागच्या बाकावर. त्यानं विचारलं, बाई, तिन्ही बाजूंनी पाणी आलं तर माणसं बुडत नाहीत का? मी म्हटलं, चौथ्या बाजूनं चालत घरी यायचं. वर्ग हसला. तो नाही हसला. त्याला पटलं. आता बघू चौथी. अहो.

नवरा : अं?

बायको : बस कुठाय?

नवरा : गेली.

बायको : कधी?

नवरा : तू उत्तर बघत होतीस तेव्हा.

बायको : आणि तुम्ही बोलला नाहीत?

नवरा : पश्चिम राहिली होती ना.

बायको : इतकी वर्षं पाच मिनिटंसुद्धा कुठे थांबू दिलं नाहीत. आणि आज नेमकी बस डोळ्यांदेखत गेली आणि तुम्ही उभे.

नवरा : ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण तू होडी दाखवलीस.

बायको : बसा जरा. तोंड पांढरं पडलंय.

नवरा : बसतो. झालं का तुझं बघून?

बायको : झालं. म्हणजे पूर्व जरा घाईत झाली.

नवरा : मग पुन्हा बघ. आता कसली घाई.

*

बायको : हात धरा. उतरताना पायरी दिसत नाही.

नवरा : घराण्यात पहिला मी.

बायको : तुमच्या थोरल्या भावाला काय सांगणार?

नवरा : चुकली म्हणून सांगणार. त्यालाही बरं वाटेल. तोही जन्मभर धावतोय बिचारा. परवा डॉक्टरकडे इतक्या लवकर गेला की कंपाउंडरनं त्याच्याकडूनच कुलूप उघडून घेतलं.

बायको : माझी पिशवी बसमध्ये राहिली.

नवरा : माझी टोपी राहिली. सोड. कुठेतरी खोली बघू. उद्याच्या गाडीला हात करू.

बायको : मग मागे जाऊन राजवाडा बघता येईल.

नवरा : बघू.

बायको : आतून?

नवरा : रांग असेल तर उभे राहू. एवढं काय.

बायको : आणि कारंजं?

नवरा : त्याला उजवीकडे वळावं लागतं.

बायको : वळाल?

नवरा : बस नसली की माणूस कुठेही वळू शकतो. मला हे आजच कळतंय. अगं, एवढं हसण्यासारखं काय आहे?

बायको : काही नाही. लग्नाला तुम्ही असेच यायला हवे होतात.

नवरा : कसा?

बायको : उशिरा.

ड्रायव्हर : ओ साहेब. इकडे, इकडे. भिंतीपाशी.

नवरा : तुम्ही? गेला होतात ना?

ड्रायव्हर : कुठं जातोय? तिथं ऊन आलं. सीटा तापतात, मग गिऱ्हाईक कुरकुरतं. म्हणून सावलीला घेतली गाडी.

नवरा : म्हणजे आमच्यासाठी थांबलात. सगळ्यांना खोळंबा झाला असणार. नाही, बोलू नका, मला माफी मागू द्या. येताना मनात जुळवत आलोय. माइक लागेल का?

ड्रायव्हर : माफी कोणाची मागता?

नवरा : आत बसलेल्यांची.

ड्रायव्हर : आत कोणी नाही, साहेब. गाइडनं सगळ्यांना चपलांच्या दुकानात नेलंय. तिथून कोणी लवकर सुटत नाही.

बायको : मग आम्ही?

ड्रायव्हर : तुम्ही पहिलेच.