टॅबिथाने शपथ घेतली नाही

मंडळी, आधी एक विचारतो. माणूस खरं बोलणारा असेल, तर त्याला शपथ लागते कशाला? आपण तर पाहुण्याला सांगतो, 'आईशप्पथ, चहा झालाय.' एका कप चहासाठी आई पणाला! असो. ऐका.

साडेतीनशे वर्षांमागची गोष्ट. अमेरिकेत तेव्हा इंग्रजांच्या वसाहती होत्या. समुद्रकाठच्या एका गावात टॅबिथा नावाची विधवा राहायची, क्वेकर पंथाची. ख्रिस्तीच, पण या लोकांना पुजारी नको, गाणं नको — गप्प बसायचं आणि आतला आवाज ऐकायचा. म्हणजे आमच्यासारख्या टाळकुट्यांच्या पोटापाण्याची पंचाईतच की! राजालासुद्धा 'तू' म्हणायचं. आणि शपथ कधीच घ्यायची नाही. 'होय' म्हटलं की होय. गावचा पाद्री क्रॉफ्ट, त्याला हा पंथ डोळ्यांसमोर नको.

एके दुपारी गावचं धान्याचं कोठार जळालं. आळ आला जाइल्सवर — परगावचा मजूर, पाठीशी कोणी नाही. शिक्षा फाशी. आणि त्या दुपारी तो होता टॅबिथाच्या छपरावर, फळ्या ठोकत. पाहणारी ती एकटी.

न्यायाधीश म्हणाले, "बायबलवर हात ठेव."

"नाही ठेवणार. पण मी सांगते ते खरं आहे."

"शपथेशिवाय साक्ष नाही. हा फासावर जाईल."

काय करावं हो तिनं? दोन शब्द उच्चारले की माणूस वाचतो. ती म्हणाली, "आज शपथ घेतली, तर एरवी मी खोटं बोलते असं होईल. मी खोटी असेन तर याच्याआधी मला फाशी दे. पण शपथ नाही."

जाइल्सनं मान खाली घातली.

तेवढ्यात मागून उठला कोण? पाद्री क्रॉफ्ट. लोकांना वाटलं, आता हिची खैर नाही. तो पुढे आला आणि त्यानं स्वतः बायबलवर हात ठेवला.

"शपथ मी घेतो. ही बाई खोटं बोलत नाही. गेल्या वर्षी मी हिला चाबकाचे दहा फटके मारायला लावले. प्रत्येक फटक्याआधी म्हणालो, 'क्वेकर नाही' एवढं म्हण, सोडतो. दहाही वेळा म्हणाली, 'आहे.' स्वतःची पाठ वाचवायला जी खोटं बोलली नाही, ती परक्या मजुरासाठी बोलेल?"

न्यायाधीश कारकुनाला म्हणाले, "बाईंची साक्ष लिहून घ्या."

जाइल्स सुटला. टॅबिथाला मात्र त्याच आठवड्यात गावाबाहेर काढलं. भर न्यायालयात शपथ नाकारणाऱ्या क्वेकरांसाठी कायदाच तसा होता. क्रॉफ्ट वेशीपर्यंत गेला. म्हणाला, "तुझा पंथ मला आजही चुकीचाच वाटतो."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तू खरं बोललास, तेवढं पुरे."

मंडळी, आपल्या बाजूनं भाऊ बोलेल, मित्र बोलेल. त्यात काय मोठं? ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे, तो आठवा. आज इथंच बसला असेल कदाचित. तो उठेल का हो भर सभेत — 'हा माणूस खोटं बोलत नाही,' एवढं सांगायला?