जाळी कुणी काढली

(केडगावच्या पुढं, पुणे रस्त्याला, गुरांच्या पेंडीचा एक छोटा कारखाना. पाळी सुरू व्हायला अर्धा तास आहे. ऑफिसात मालक काकासाहेब आणि हजेरी-टायपिंग बघणारी पूजा. समोर खुर्चीच्या कडेवर कामगार राहीबाई. आठ दिवसांपूर्वी वैजनाथ या कामगाराचा हात यंत्रात गेला, तेव्हा त्याच्या सगळ्यांत जवळ त्याच होत्या.)

राहीबाई : आन् ह्यो एवढा लांब शब्द कोनता? हे... तु... पु...

पूजा : हेतुपुरस्सर, मावशी.

राहीबाई : म्हंजी?

पूजा : मुद्दाम. ठरवून.

काकासाहेब : राहीबाई, एवढं काय वाचत बसलात? तुमचंच म्हणणं आहे ते. खाली सही करा आणि कामाला लागा.

राहीबाई : माजं म्हननं हाय तर मला कळाया नको? वाचू द्या मालक. "वैजनाथ याने पट्ट्यावरील संरक्षक जाळी हेतुपुरस्सर काढली..." आसं मी कवा म्हनले?

काकासाहेब : त्याचा हात गेलेला तुम्हीच पाहिला ना?

राहीबाई : हात गेल्याला पाह्यला. बटन दाबून मशीन मीच बंद केलं. त्याचा हात माज्या पदरात गुंडाळून दवाखान्यापतूर गेले. पन जाळी त्यानं काढल्याली कुनी पाह्यली?

काकासाहेब : सगळेच म्हणतात.

राहीबाई : सगळे म्हंजी कोन?

काकासाहेब : ते सोडा आता. पूजा, पेन दे त्यांना.

राहीबाई : थांब गं जरा. मला एक सांग. जाळी त्यानं काढली काय आन् दुसऱ्या कुनी काढली काय, फरक काय पडतो? दोन बोटं तर गेलीच त्याची.

पूजा : सर, सांगू?

काकासाहेब : सांग की. लपवायचं काय आहे त्यात?

पूजा : कामावर इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची, असा कायदा आहे. पण रक्षणासाठी लावलेली वस्तू कामगारानंच मुद्दाम काढली आणि त्यामुळं अशी इजा झाली, तर मालकावर ती जबाबदारी येत नाही.

राहीबाई : आस्सं! म्हून एवढा लांब शब्द.

काकासाहेब : मला काही राक्षस समजू नका. मंगळवारी इन्स्पेक्टर येणार. त्यानं मशीनला कुलूप लावलं तर तुम्ही तीस माणसं जाणार कुठं? मी तुमचाच विचार करतोय.

राहीबाई : करताय, मला ठाव हाय. पन मालक, ती हजेरीच्या खिडकीपाशी पाटी हाय ना, ती तुमी वाचली का कदी?

काकासाहेब : कुठली पाटी?

पूजा : कायद्याचा गोषवारा, सर. लावावाच लागतो. मागच्या मॅनेजरनी लावला होता.

राहीबाई : साक्षर वर्गाच्या बाई म्हनायच्या, रोज कायतरी वाचत जा, न्हाईतर आल्यालं बी जाईल. माज्या घरी वाचाया काय हाय? मग मी पाटीच धरली. हजेरीच्या रांगंत हुबं ऱ्हायचं आन् दोन वळी वाचायच्या. तीन वर्सं झाली. धूळ लई बसती, पदरानं पुसावी लागती.

काकासाहेब : तीन वर्षं! आणि कळलं काय त्यातलं?

राहीबाई : आधी कायबी न्हाई. मग हळूहळू कळाय लागलं. चालत्या यंत्राला मालकानं जाळी घालायची आन् ती जाग्यावर ठिवायची, आसं हाय. आन् खाली लिव्हलंय, कामगारानं त्या जाळीशी खेळ करायचा न्हाई. मला लई नवल वाटलं. मला वाटायचं, कायदा एकाच कुनाच्यातरी बाजूनं आसतो. ह्यात दोगांनाबी दम दिल्याला.

काकासाहेब : मग झालं तर! कामगारानं जाळी काढायची नाही. मी दुसरं काय म्हणतोय?

राहीबाई : म्हून तर सही जमंना, मालक. जाळी मी काढली.

पूजा : मावशी!

काकासाहेब : काय बोलताय?

राहीबाई : खरं तेच. त्या हप्त्यात सरकी वली आल्ती. घडीघडी पट्ट्यात भुसा आडकायचा. जाळीला चार नट. पाना सुपरवायझरच्या कपाटात, कपाटाला कुलूप, आन् सुपरवायझर चहाला. तुमी दारातनं वरडायचा, गाडी हुबी हाय, हात उचला. सोमवारी एकदा नट काढले ते परत बशिवलेच न्हाईत. जाळी भिताडाला टेकून ठिवली.

काकासाहेब : आणि वैजनाथ?

राहीबाई : त्याचं तर ते मशीनच न्हवं. तो पोती शिवत हुता. शुक्कीरवारी मीच हाक मारली, म्हनलं, ए वैजू, एवढा भुसा वढ की. माजी हाक ऐकून आला तो.

पूजा : हे आठ दिवस तुम्ही कुणालाच बोलला नाहीत?

राहीबाई : कुनाला बोलू? भाकर तोंडात फिरती नुसती.

काकासाहेब : अहो, पण हे असं इन्स्पेक्टरपुढं बोलून चालणार नाही. तुम्ही स्वतःच गोत्यात याल. वैजनाथ सुटेल, मी सुटेन, आणि सगळं तुमच्यावर येईल. कळतंय का?

राहीबाई : तुमी सुटाल का?

काकासाहेब : म्हणजे?

राहीबाई : बुधवारी तुमी आत आलता. जाळीत पाय आडकला तुमचा. तवा काय म्हनला?

काकासाहेब : रोज शंभर गोष्टी बोलतो मी. ध्यानात राहतं का सगळं?

पूजा : मला आठवतंय, सर.

काकासाहेब : तुला काय आठवतंय?

पूजा : मी वजनाचा कागद घेऊन तुमच्या मागं होते. तुम्ही म्हणालात, ही जाळी गोदामात टाका, कुणाच्या पायात यायला नको.

काकासाहेब : पूजा.

पूजा : मला कुणी विचारलं तर मी हेच सांगणार, सर. दुसरं नाही सांगता येणार.

काकासाहेब : अगं, पण कुणाला लागू नये म्हणूनच म्हणालो ना मी?

राहीबाई : व्हय. मलाबी तवा तसंच वाटलं. म्हनलं, मालकाला आपल्या पायाची काळजी हाय.

काकासाहेब : ...पट्टा उघडाय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. समोर फिरत होता, तरी नाही आलं.

राहीबाई : माज्याबी न्हाई आलं. पाटी वाचल्याली आसून.

काकासाहेब : तुम्हाला भीती नाही वाटत, राहीबाई?

राहीबाई : वाटती की. पूजा, खरं सांगितल्यावर मला उद्या कामावरनं काढत्यात का गं?

पूजा : तुमच्या चुकीची चौकशी होऊ शकते, मावशी. पण आधी लेखी विचारावं लागतं, तुमचं ऐकून घ्यावं लागतं. असं तडकाफडकी काढायचं नसतं.

काकासाहेब : वा! माझ्याच ऑफिसात, माझ्याच समोर.

राहीबाई : मग कुठं इचारू, मालक? मी पंधरा वर्सं ऊसतोडीला, कोयत्यावर हुते. पाथर्डीकडनं टोळी निघायची, पार कर्नाटकापतूर. तिथं कुनाचा हात तुटला, कुनी गाडीखाली आलं, तर दुसऱ्या दिशी त्याच्या जागी दुसरी जोडी. कसं झालं, कुनामुळं झालं, कुनी इचारलं न्हाई. पाटी न्हाई, इन्स्पेक्टर न्हाई. हितं पयल्यांदा कुनीतरी इचाराया येतंय. मग तेला खोटं कशापायी सांगू?

काकासाहेब : ...पूजा, तो कागद इकडं दे.

पूजा : फाडलात तुम्ही, सर?

काकासाहेब : नवा घे. लिही, राहीबाई काय सांगतात ते. त्यांच्याच शब्दांत.

राहीबाई : लिव्ह. जाळी मी काढली. वैजनाथला हाक मी मारली. त्याला जाळीचं कायबी ठाव नव्हतं.

पूजा : पुढं?

राहीबाई : पुढचं माजं न्हवं. ते मालकांचं म्हननं हाय.

काकासाहेब : लिही. पाना कुलपात राहत होता. बुधवारी जाळी जागेवर नव्हती, हे मी पाहिलं. ती गोदामात टाकायला मी सांगितलं.

पूजा : असंच लिहू, सर?

काकासाहेब : असंच. पुन्हा विचारू नकोस, नाहीतर माझं मन बदलेल. आणि सुपरवायझरला सांग, जाळी बसल्याशिवाय आज मशीन चालू करायचं नाही. गाडी उभी राहू दे.

राहीबाई : आन् वैजनाथचं?

काकासाहेब : त्याची काही चूक नाही, एवढं आपण खाली लिहून टाकू.

राहीबाई : आपुन कशाला? त्याचं त्याला लिव्हू द्या की. आजून कुनी त्याला इचारलंबी न्हाई, कसं झालं म्हून.

काकासाहेब : पण त्याला आता लिहिता कसं येणार?

राहीबाई : येईल की, मालक. बोटं डाव्या हाताची गेलीत.